क्रॉस दाबला की नोंदी जातात, टीकिंटरमधी खिडकी बंद होताना कसं पकडायचं?

काटावाला_दारव्हा
नमस्कार भाऊ लोकं. मामाचा गावात कापसाचा काटा आहे, त्याच्यासाठी मी पायथन अन् टीकिंटरमधी (पायथनचं खिडक्या-बटनं बनवायचं साधन) छोटासा प्रोग्राम बनवला, शेतकऱ्याचं नाव, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, भाव टाकला की खाली निव्वळ क्विंटल अन् रक्कम येते, डेटा एसक्यूलाइटमधी, म्हणजे एकाच फाइलीत राहणाऱ्या छोट्या डेटाबेसमधी. चार दिवस बेस चाललं. काल संध्याकाळी बाहेर बंड्यांची रांग लागलेली, गडबडीत पोराच्या हातानं वरचा क्रॉस दाबल्या गेला अन् उघडून पायतो तं सकाळपासूनच्या 14 पावत्या गायब. कमिटचं, म्हणजे नोंदी फाइलीत पक्क्या करायचं बटन मी दिवसाच्या शेवटी एकदाच दाबाचं ठेवलं होतं. कच्च्या वहीत लिहिलेलं होतं म्हणून निभलं, नाहीतं एका म्हाताऱ्या बाबाचे 9 क्विंटल 40 किलो कशावरून सांगितले असते, त्याचा तर वर्षाचा हिशेब त्याच्यावरच.
मंग मी मुख्य खिडकीले, म्हणजे रूटले, रूट डॉट प्रोटोकॉल लावलं, त्यात डब्ल्यूएम डिलीट विंडो (क्रॉस दाबल्याचा निरोप) अन् पुढं तो निरोप आला की चालाचं माझं फंक्शन. आता प्रोग्राम सुरू होताच "बंद करायचं का" विचारते, नाही म्हटलं तं खिडकी उघडते, पण क्रॉस दाबला की काहीच न विचारता बंद. काय चुकून रायलं?

वऱ्हाडी_पायथन
फंक्शनच्या नावापुढं कंस टाकले असतील तुम्ही. कंस टाकले की पायथन ते फंक्शन तिथंच चालवते अन् त्याचं उत्तर, म्हणजे नन (काहीच नाही), प्रोटोकॉलले देते, म्हणून क्रॉसवर काही लागतच नाही. फक्त नाव द्या, कंस काढा.
दुसरं, एकदा प्रोटोकॉल लावला की खिडकी आपोआप बंद होत नाही, फंक्शनमधी तुम्हालेच खिडकी मोडणारं रूट डॉट डिस्ट्रॉय लिहा लागते. क्रॉस म्हणजे खिडकी बंद झाली असं नाही, ती विंडो मॅनेजरनं (खिडक्या सांभाळणारा सिस्टिमचा भाग) केलेली विनंती आहे. डब्ल्यूएम डिलीट विंडो हे नाव युनिक्सवरच्या जुन्या एक्स विंडो सिस्टिममधून आलेलं आहे पण विंडोजवरही तेच चालते. क्विट वापरू नका, त्यानं नुसता मेनलूप, म्हणजे खिडकी चालती ठेवणारं चक्र, थांबते.

संगणक_ताई_वाशीम
एक भर घालते, यात मी स्वतः अडकले होते. "सेव्ह करू का" साठी आस्क येस नो कॅन्सल (हो, नाही, रद्द अशी तीन बटणं दाखवणारा प्रश्न) वापराल तर हो ला ट्रू, नाही ला फॉल्स आणि रद्द ला नन येतं. नुसतं इफ-एल्स लिहिलं तर फॉल्स आणि नन दोन्ही एल्समध्ये जातात, म्हणजे माणूस रद्द दाबतो, त्याला परत कामावर यायचं असतं आणि प्रोग्राम सेव्ह न करता बंद होतो. आधी इज नन तपासा आणि तिथूनच रिटर्न करा, मग बाकीचं.

लाइनमन_नाही_पण
सगळं बरोबर आहे, पण दादा, तुमचं खरं दुखणं क्रॉस नाही. आपल्याकडं लाइन कधी जाईल सांगता येते का? कॉम्प्युटर धपकन बंद झाला तं डब्ल्यूएम डिलीट विंडो येतच नाही, टास्क मॅनेजरमधून एंड टास्क केलं तरी तुमचं फंक्शन चालन याचा भरवसा नाही. त्या 14 पावत्या तुम्हाले यादीत दिसत होत्या कारण त्याच कनेक्शनले (प्रोग्राम अन् डेटाबेसची जोडणी) कमिट न केलेल्या ओळीही दिसतात, फाइलीत त्या पक्क्या झाल्याच नव्हत्या. कमिट न करता कनेक्शन बंद झालं की गेल्या. म्हणून पावती झाली की तिथल्या तिथं कमिट, शेतकरी काट्यावरून उतरायच्या आत. दिवसाला दोनशे पावत्या असल्या तरी एसक्यूलाइटले काहीच जड नाही. शेवटचं सेव्ह बटन काढूनच टाका राजेहो. क्रॉसवर फक्त एवढंच विचारा की अर्धवट भरलेली पावती आहे, टाकून द्यायची का. भरलेल्या गाडीचं वजन घेतलं अन् रिकामी अजून यायची आहे, असं काट्यावर नेहमीच रायते, ते वजनही वेगळ्या टेबलात लगेच टाकून ठेवा.

काटावाला_दारव्हा
कंसच होते भाऊ. काढले, डिस्ट्रॉय टाकलं, इज नन पण लावलं. कमिट आता प्रत्येक पावतीले. आज मुद्दाम मधातच प्लग काढून पायला, सगळ्या पावत्या जागेवर, अर्ध्या गाडीचं वजन सुद्धा. ताई, तुमचं ते रद्दवालं मी तसंच लिहिलं होतं, वाचलो. एकच राहिलं, पावती छापाची खिडकी टॉपलेव्हल, म्हणजे रूटशिवायची वेगळी खिडकी आहे, तिच्या क्रॉसवर काहीच विचारत नाही.

वऱ्हाडी_पायथन
रूटचा प्रोटोकॉल तिले लागत नाही, त्या टॉपलेव्हलवर वेगळा लावा. अन् तिच्या फंक्शनमधी तिचंच डिस्ट्रॉय लिहा, रूटचं लिहिलं तं आख्खा प्रोग्राम बंद होईन.