८ स्टड रुंद एलएचबी डबा आर-४० वळणावर कसा बसवायचा? मापं आणि बांधणीबद्दल मदत हवी

लोहमार्ग_८ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

लेगो ब्रिकमध्ये लाल-राखाडी रंगातला एलएचबी (भारतीय रेल्वेचा नव्या धाटणीचा) थ्री-टायर एसी डबा करायचा आहे. तयार संच नाही, डिझाइन स्वतःचं. रूळ नेहमीचे प्लॅस्टिकचे, वळणं आर-४०. टेबल १८० × १२० सेमी. इंजिनाखाली लेगोच्या पॉवर्ड-अप प्रकारची एक मोटर, मागे तीन डबे.

स्टुडिओमध्ये (लेगोचं डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) रुंदी ८ स्टड, म्हणजे ब्रिकवरचे ८ गोल उंचवटे, धरली तर लांबी ५८ स्टडच्या आसपास येते. एवढा डबा आर-४० वर वळेल का, की सरळ ६ स्टडवर उतरावं? लांबी कमी करायची तर कुठून कापायची? एलएचबीच्या एसी डब्याच्या काचा बाहेरच्या पत्र्याशी जवळपास सपाट असतात, नेहमीचे खिडकीचे पार्ट लावले की त्या आत गेलेल्या दिसतात. त्यावर काही उपाय? आणि जमिनीला मधे झोळ येऊ नये म्हणून प्लेट कशा रचायच्या?

मोजपट्टी

आधी प्रमाण पक्कं करा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

एलएचबी डब्याची रुंदी ३.२४ मी, बॉडीची लांबी २३.५४ मी, रुळापासून छपरापर्यंत उंची ४.०३९ मी. दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या) मध्यांतलं अंतर १४.९ मी, एका बोगीतल्या दोन आसांमधलं २.५६ मी. चाकाचा व्यास ९१५ मिमी.

एक स्टड म्हणजे ८ मिमी, प्लेट ३.२ मिमी, ब्रिक ९.६ मिमी. ८ स्टड म्हणजे ६४ मिमी, म्हणून प्रमाण साधारण १:५०.६. या प्रमाणात एक स्टड म्हणजे खऱ्या डब्यावरचे ४० सेमी आणि एक प्लेट म्हणजे १६ सेमी. हे दोन आकडे कागदावर लिहून समोर चिकटवा. उंची बरोबर २५ प्लेट येते, बोगीतल्या आसांमधलं अंतर ६ स्टडच्या थोडं वर, आणि चाक १८ मिमीचं हवं. लेगोचं रेल्वेचं चाक साधारण १७ मिमी आहे, म्हणजे तेही जुळतं.

६ स्टडचा विचार सोडा. तिथे प्रमाण १:६७.५ होतं आणि ब्रॉडगेजचे १६७६ मिमी फक्त २४.८ मिमी व्हायला हवेत. लेगोच्या रुळांमधलं अंतर मात्र ३७.५ मिमी. डबा फळीवर ठेवल्यासारखा दिसतो. ८ स्टडला हवेत ३३ मिमी आणि मिळतात ३७.५, फरक साधारण १३ टक्के. युरोपातली गाडी ८ स्टडमध्ये करणाऱ्यांना हाच फरक साधारण १५ ते २० टक्के सोसावा लागतो, कारण तिथलं गेज १४३५ मिमी. आपल्या रुंद गेजमुळे भारतीय गाडी या रुळांवर थोडी जास्त शोभते.

खिडक्या-दारांची मापं फोटोवरून काढताना बोगींच्या मध्यांमधले १४.९ मी हीच पट्टी धरा. फोटो लांबून, झूम करून, बरोबर काटकोनात काढलेला हवा. तिरक्या काढलेल्या फोटोत डब्याचं लांबचं टोक आखडतं आणि तिकडच्या खिडक्या अरुंद मोजल्या जातात.

नऊस्टड

मोजपट्टी यांच्या हिशोबाला पुढे नेतो. १६७६ भागिले ३७.५ म्हणजे १:४४.७. या प्रमाणात डब्याची रुंदी ७२.५ मिमी येते, म्हणजे चक्क ९ स्टड. रूळ आणि डबा दोन्ही एकाच प्रमाणात हवे असतील तर ९ स्टडच करा.

बोगीवाला

नऊ स्टडचं गणित बरोबर आहे, पण तो डबा काचेच्या कपाटात ठेवायचा. लांबी ६६ स्टड होते. शिवाय विषम रुंदीत डब्याचा मध्य स्टडवर पडतो आणि बोगीचा मध्य दोन स्टडांच्या फटीवर, त्यामुळे प्रत्येक सांध्याला जंपर (मधे एकच स्टड असलेली प्लेट) लावून अर्धा स्टड सरकवावं लागतं. चालत्या गाडीत बोगीची खुंटी जंपरच्या एकाच स्टडवर तोललेली असणं बरं नाही, वळणावर तिथूनच सुटते.

आता मूळ प्रश्न. आर-४० म्हणजे रुळाच्या मध्यरेषेची त्रिज्या ४० स्टड, ३२० मिमी. पूर्ण ५८ स्टडच्या डब्यात बोगींच्या मध्यांतलं अंतर ३७ स्टडच्या आसपास येतं. वळणावर अशा डब्याचं पोट मध्यरेषेपासून ३६ मिमी आत येतं आणि टोकाचा मध्य ४७ मिमी बाहेर जातो. बाहेरचा कोपरा ७२ मिमीवर. रुळांच्या पट्टीचा काठ असतो ३२ मिमीवर. डबा रुळावरून पडणार नाही, पण रुळावर आहे असं वाटणारही नाही.

लांबी ४४ स्टड करा, बोगींचे मध्य २८ स्टडांवर, दोन्ही टोकांपासून ८-८ स्टड आत. आता पोट २० मिमी आत, बाहेरचा कोपरा ५६ मिमीवर. म्हणजे वळणावर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ७ स्टड मोकळे ठेवले की काही घासत नाही.

पूर्ण लांबीचा डबा आर-७२ वर साधारण एवढाच झुकतो (पोट १९ मिमी आत). पण आर-७२ चं वर्तुळ पट्ट्यांसकट १२१६ मिमी होतं. तुमच्या टेबलाची रुंदी १२०० आहे आणि डब्याचे कोपरे त्याच्याही बाहेर जाणार. म्हणून या टेबलावर आर-४० आणि ४४ स्टड हीच जोडी. १६ वळणं, प्रत्येक बाजूला ८ सरळ तुकडे, एकूण लांबी १७२८ मिमी. दोन्ही टोकांना डब्याचे कोपरे पट्टीबाहेर २४-२४ मिमी जातात तरी १७७६ मध्ये बसतं.

तीन गोष्टी हमखास चुकतात.

डबे जोडणारा चुंबकाचा कपलर डब्याच्या जमिनीला लावू नका, बोगीला लावा. जमिनीला लावला तर आर-४० वर डब्याचं टोक बाहेर जाताना तो शेजारच्या डब्याला ओढतो आणि हलका डबा आतल्या बाजूला उतरतो.

दोन डब्यांत सरळ रुळावर ३ स्टड अंतर ठेवा. २ स्टडांत वळणावर आतल्या कोपऱ्यांत प्रत्येक बाजूला जेमतेम १ मिमी उरतो, आणि कपलरच्या ढिलाईत तोही जातो. ३ स्टडांत ५-५ मिमी मिळतात.

बोगी डब्याच्या तुलनेत प्रत्येक बाजूला साधारण २१ अंश फिरायला हवी. तेवढ्यात बोगीचं टोक दीड स्टडाहून जास्त बाजूला सरकतं. दाराखालच्या पायऱ्या आणि जमिनीखालची खोकी त्याच्या वाटेत येतात. स्टुडिओमध्ये बोगी २१ अंश वळवून टक्कर तपासा, सरळ ठेवून तपासलेलं डिझाइन फसवतं.

लोहमार्ग_८

खूप आभार. ४४ स्टड पक्कं. म्हणजे १४ स्टड कुठून काढायचे?

खिडकीकाच

टोकांना हात लावू नका. दार, शौचालयाची छोटी खिडकी आणि दोन्हींमधला कोरा पत्रा यावरूनच डबा ओळखू येतो. मधल्या खिडक्या कमी करा. थ्री-टायर एलएचबीत ७२ बर्थ, म्हणजे आठ-आठचे ९ कप्पे. तुम्ही ७ खिडक्या दाखवा. प्रत्येकी ३ स्टड काच आणि १ स्टड खांब असे २८ स्टड होतात, उरलेले ८-८ टोकांना. सात खिडक्यांची ओळ डोळ्याला पुरेशी लांब वाटते. पाचवर आलात तर डबा खेळण्यातला दिसायला लागतो.

सपाट काचेचा उपाय असा. काच म्हणजे २×३ ची काळी टाइल (वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट), आडवी लावायची. दोन स्टड म्हणजे १६ मिमी म्हणजे बरोबर ५ प्लेट, त्यामुळे वर-खाली फट राहत नाही. भिंतीच्या एक ओळ आत, काचेच्या पट्ट्याच्या सर्वांत खालच्या थरात, ९९२०७ क्रमांकाचा काटकोनी ब्रॅकेट बसवा, तोंड बाहेर. त्याचा उभा भाग अर्ध्या प्लेटचा, १.६ मिमी. त्यावर २×३ प्लेट ३.२, त्यावर टाइल ३.२. बेरीज ८ मिमी, म्हणजे भिंतीची एक ओळ. टाइल पत्र्याच्या पातळीत येते. मधली प्लेट विसरलात तर काच ३.२ मिमी आत जाते. ब्रॅकेटऐवजी ८७०८७ (एका बाजूला स्टड असलेला १×१ ब्रिक) वापरून प्लेट-टाइल लावली तर १.६ मिमी आत. ही बारीक खाच लांबूनही कळते, कारण सातही खिडक्यांवर सावलीची रेघ पडते.

एका डब्याला हे तिन्ही पार्ट १४-१४ लागतील. खांब १×१ चे, एक ब्रिक आणि दोन प्लेट. जमिनीपासून वर भिंत मी अशी मोजेन: ३ प्लेट लाल, १ राखाडी, ५ काच, १ राखाडी, ३ लाल, त्यावर छप्पर ४ प्लेट. जमीन रुळापासून ८ प्लेटवर धरली की एकूण २५.

आत दिवे लावायचे असतील तर हा मार्ग नाही, मग पारदर्शक काळे ब्रिक घ्या. पण पारदर्शक ब्रिक एकमेकांवर थेट दाबू नका. ते इतके घट्ट धरतात की काढताना कोपरा तुटतो. मधे एक साधी प्लेट घाला.

राखाडी रंग जुन्या खोक्यांतून जमवत असाल तर दिवसाच्या उजेडात पारखून घ्या. २००४ च्या सुमारास लेगोने राखाडी बदलला. जुना किंचित पिवळसर, नवा निळसर. विजेच्या उजेडात सारखे दिसतात आणि डबा उभा राहिल्यावर पट्ट्यात ठिगळ दिसतं.

बोगीवाला

जमिनीचं राहिलं होतं. दोन थर घ्या. खालचा थर ८ स्टड रुंद: १६, १२, १६. मधल्या १२ साठी ४×१२ च्या दोन प्लेट शेजारी. वरचा थर ६ स्टड रुंद: ६×८, ६×१४, ६×१४, ६×८, आणि दोन्ही कडांना १ स्टडच्या लांब पट्ट्या. खालचे सांधे १६ आणि २८ वर, वरचे ८, २२ आणि ३६ वर. कुठलेही दोन सांधे ६ स्टडांपेक्षा जवळ येत नाहीत.

थर उलटे करू नका. बोगीची खुंटी टोकापासून ८ व्या स्टडवर आहे. ६×८ चा सांधा खाली आला तर तो नेमका खुंटीवर पडतो आणि डबा उचलताच बोगी जमिनीचा तुकडा घेऊन खाली येते.

खिडकीकाच यांच्या पद्धतीत खिडकीच्या पट्ट्यात भिंत कमकुवत राहते, एकेक स्टडचे खांब फारसा भार घेत नाहीत. म्हणून काचेच्या वरचा राखाडी थर १×८ च्या प्लेटांचा करा आणि त्यावरच्या लाल थराचे सांधे ४ स्टड सरकवा. छप्पर काढता येईल असं हवं असेल तर त्याला सगळीकडे घट्ट बसवू नका, चार जंपर पुरतात.

प्रमाणबद्ध

थोडं विषयाबाहेर, पण कोणाला एचओमध्ये (मॉडेल रेल्वेच्या १:८७ प्रमाणात) स्टायरीन प्लॅस्टिकच्या पत्र्याचा डबा करायचा असेल तर तिथे उलटी अडचण आहे. १:८७ मध्ये डबा २७१ मिमी लांब, ३७ मिमी रुंद होतो. ब्रॉडगेजला १९.३ मिमी रूळ हवेत आणि बाजारात मिळतात १६.५ चे. डबा रुळांच्या मानाने फोफावलेला दिसतो. बोगीच्या बाजूच्या चौकटी खऱ्या मापावर, बाहेर काढून बसवल्या की चाकं आत आहेत हे चटकन लक्षात येत नाही.

लोहमार्ग_८

अजून दोन शंका. डब्यावर देवनागरीत ‘मध्य रेल’ लिहायचं आहे. आणि सरळ भागात फलाट ठेवायचा आहे, तो किती उंच आणि रुळापासून किती लांब?

खिडकीकाच

लालवर पांढरी किंवा पिवळी अक्षरं घरच्या प्रिंटरवर निघत नाहीत, त्यात पांढरी शाई नसते. पांढऱ्या पाठीच्या डेकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पापुद्र्यावर) लाल पार्श्वभूमी छापली तर तो लाल ब्रिकच्या लालशी जुळत नाही. कटिंग करणाऱ्याकडून पांढऱ्या व्हिनाइलची अक्षरं कापून घ्या. इथे देवनागरी सोयीची पडते, शिरोरेषेमुळे बरीच अक्षरं एका तुकड्यात निघतात. ‘मध्य रेल’ मध्ये अनुस्वारही नाही, फक्त ‘ध’ वर शिरोरेषा तुटते, म्हणजे मोजकेच तुकडे. १५ सेमीचं अक्षर प्रमाणात ३ मिमी होतं, पण तेवढ्यावर ‘ध्य’ ची गाठ कापताना फाटते. ५ मिमी घ्या.

राखाडीवरचे काळे आकडे डेकलने करा. इंकजेटवर छापलं तर पाण्यात घालण्याआधी पारदर्शक ॲक्रिलिकचे तीन पातळ हात द्या आणि एक दिवस वाळू द्या, नाहीतर शाई पाण्यात उतरते. डब्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष सांगतात, ते एलएचबीच्या काळातलं निवडा. डेकल किंवा व्हिनाइल दोन ब्रिकच्या सांध्यावरून जात असेल तर चिकटवल्यावर धारदार पात्याने सांध्यात कापा. न कापता ठेवलं तर पहिल्यांदा डबा उघडताना फाटेल.

मोजपट्टी

आपल्याकडचे उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिमी असतात. ५ प्लेट म्हणजे ८१ सेमी, बरोबर मधे. उंची टेबलापासून नाही, रुळाच्या माथ्यापासून मोजा. काठ मध्यरेषेपासून ५ स्टडांवर ठेवा, डबा ४ वर संपतो.

फलाट वळणाला लागून सुरू करू नका. पुढची बोगी वळणात शिरली की मागचं टोक सरळ रुळावर असतानाही बाहेर झुकतं. दोन्हीकडे दोन-दोन सरळ तुकडे मोकळे सोडा. आठपैकी चार उरतात, ६४ स्टड. एक पूर्ण डबा आणि दुसऱ्याचं पहिलं दार फलाटाला लागेल.