फोन काढून घेतला की मुलगा किंचाळतो, काय करू?

कारेलीबागची आई
नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी नाशिकहून वडोदऱ्याला आलो. ह्यांची नोकरी मकरपुऱ्याला, शिफ्टची. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. शाळेच्या व्हॅनमधून उतरतो तेव्हा शर्टाची कॉलर चावून चावून ओली झालेली असते. दप्तर झोपाळ्यावर टाकतो आणि बूटसुद्धा न काढता फोन मागतो. मग गाड्यांच्या शर्यतीचा गेम. हाका मारल्या तरी ओ देत नाही. तासाभराने फोन घेतला की किंचाळायला लागतो, कान लालबुंद होतात. परवा टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकला. नंतर स्वतःच कुशीत येऊन हुंदके देत रडतो. नाशिकला असा नव्हता हो. सासूबाई म्हणतात फोन कपाटात कुलूप लावून ठेव, हे म्हणतात दमून येतो, खेळू दे. मला दोन्ही पटत नाही. कुणी यातून गेलंय का?

इंदूरचा मामा
सासूबाईंचं ऐका. आमच्या ताईने भाच्याचा गेम एका रात्रीत काढून टाकला. त्याने घर डोक्यावर घेतलं, पण नंतर रोज खाली क्रिकेट खेळायला जायला लागला.

निवृत्त बाई, दांडिया बाजार
मामांच्या भाच्याला चाललं, चांगलंच झालं. पण ताई, तुमचंच वाक्य परत वाचा. कॉलर व्हॅनमधून उतरतानाच ओली असते. म्हणजे फोन हातात यायच्या आधीच काहीतरी झालेलं असतं. पहिली-दुसरीच्या वर्गात माझी सगळी नोकरी गेली. कॉलर, पेन्सिलीचं टोक, नखं चावणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. त्यातल्या बहुतेकांना कशाची तरी धास्ती असायची आणि ती त्यांना सांगता यायची नाही.

२०२५ साली 'सायकॉलॉजिकल बुलेटिन' या नियतकालिकात एक मोठा आढावा आला. ११७ अभ्यास, सुमारे २ लाख ९२ हजार मुलं. त्यात असं दिसलं की जास्त स्क्रीनमुळे पुढे चिडचिड, चिंता, आक्रमकपणा वाढतो आणि ज्या मुलांना आधीच असा त्रास असतो, ती पुढे स्क्रीनकडे जास्त वळतात. हा परिणाम फार मोठा नाही, पण दोन्ही बाजूंनी आहे. गेमच्या बाबतीत तो इतर स्क्रीनपेक्षा जास्त दिसला. तुमचा मुलगा गेममध्ये जिंकत असेल, आणि शाळेत दिवसभर हरत असेल तर? नुसतं कुलूप लावलंत तर त्याची जिंकायची एकुलती एक जागाही जाईल.

याचा अर्थ वाट्टेल तितका वेळ खेळू द्या असा मुळीच नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांपेक्षा कमी स्क्रीन सांगितली आहे, तीही झोप, अभ्यास, खेळणं यांना धक्का न लावता. तासभर चालेल. मात्र घरात पाऊल टाकताक्षणी फोन नको. आधी हातपाय धुणं, खाणं, तुमच्याशेजारी झोपाळ्यावर बसणं. 'आज शाळेत काय झालं' असं विचारू नका, 'काही नाही' हेच उत्तर मिळेल. 'व्हॅनमध्ये शेजारी कोण बसतं', 'आज कुठल्या तासाला कंटाळा आला' असं लहान लहान विचारा.

आणि फोन शर्यतीच्या मध्येच ओढून घेऊ नका. ही शर्यत संपली की बंद, हे आधी ठरवा आणि शेवटची शर्यत त्याच्याजवळ बसून बघा. रडायला लागला तर गप्प करण्यासाठी फोन परत देऊ नका. त्याने त्या वेळेपुरती शांतता मिळते, पण राग स्वतः आवरायला तो शिकत नाही.

ग्वाल्हेरचे बाबा
बाईंचं शेवटचं अगदी खरं. आम्ही आणखी एक केलं, जेवताना सगळ्यांचे फोन फ्रिजवर. आजोबांचासुद्धा. मुलीने तक्रार केली नाही, आजोबांनी केली!

कारेलीबागची आई
बाई, तुम्ही म्हणालात तसं विचारत राहिले. काल भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, 'गुजरातीच्या तासाला मोठ्याने वाचायला लावतात आणि सगळे हसतात.' घरी आम्ही मराठी बोलतो, शाळा इंग्रजी, आणि बाकीची मुलं गुजराती घरातली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्गशिक्षिकेला भेटायची वेळ घेतली आहे. पण मला स्वतःला गुजराती येत नाही, मी त्याला काय शिकवणार?

निवृत्त बाई, दांडिया बाजार
सापडलं म्हणायचं! गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे, त्यामुळे हा विषय टळणारा नाही. पण घाबरू नका. वरची रेघ काढून टाकली की बरीचशी अक्षरं आपलीच आहेत. क, ख, ज, झ अशी काही वेगळी, तेवढी आधी घोटून घ्या. वर्गशिक्षिकेला सांगा, काही दिवस त्याला एकट्याला उभं करून वाचायला लावू नका, धडा आदल्या दिवशी सांगा म्हणजे घरून तयारी होईल. रविवारी खंडेराव मार्केटला भाजीला जाताना दुकानांच्या पाट्या दोघं मिळून वाचा. तो एक अक्षर सांगेल, तुम्ही एक. आई पण शिकतेय हे दिसलं की मुलाची भीड चेपते.

आणि संध्याकाळी कमाटीबागेत येत असाल तर कळवा. मी रोज तिथे फिरायला असते, पाठ्यपुस्तक घेऊन या. बाकावर बसून एकेक पान वाचू.