फॉल्स सिलिंगच्या आतील वायरिंग : परवा बोर्ड लागणार आहेत, तातडीने मदत हवी

कोथरूडचा_रहिवासी :
कोथरूडमधील आमच्या सदनिकेत दिवाणखान्याचे जिप्सम सिलिंग परवा बंद होणार आहे. आज शिडीवर चढून पाहिले, तर वरच्या तारा नुसत्याच टाकलेल्या दिसल्या. वायरमनचे म्हणणे असे की, सगळीकडे असेच करतात आणि एकदा बोर्ड लागले की काही दिसत नाही. काम स्वीकारावे की थांबवावे, एवढेच कृपया सांगावे. लांबलचक चर्चेला माझ्याकडे वेळ नाही.

निवृत्त_पर्यवेक्षक :
'नुसत्याच टाकलेल्या' म्हणजे नेमके काय? तारा पाइपातून येऊन दिव्यापाशी हातभर मोकळ्या सोडल्या असतील तर ते योग्यच आहे, कारण पुढे दिवा खाली काढता यावा म्हणून तेवढी ढील ठेवावीच लागते. पण त्या पाइपाविना सिलिंगच्या सांगाड्याच्या लोखंडी चॅनलवर पसरल्या असतील तर प्रश्न गंभीर आहे. जोड किती आहेत आणि ते कशात आहेत? डीबीमध्ये, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीत, आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का? अर्थिंगची तार वरपर्यंत नेली आहे का? याची उत्तरे मिळाल्याशिवाय मत देणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

धूरमुक्त_घर :
माझा अनुभव सांगतो. साधी पीव्हीसी तार जळली की तिच्यातून दाट धूर आणि हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो, म्हणून मी घरातील सर्व तारा काढून हॅलोजनविरहित, आग सहज न पकडणाऱ्या एचएफएफआर तारा घातल्या. आपणही संपूर्ण तार बदलून घ्यावी, हाच खरा उपाय आहे.

निवृत्त_पर्यवेक्षक :
तार कोणती आहे हे त्यांनी अजून सांगितलेलेही नाही. शिवाय सैल जोड तापतो तो तारेच्या आवरणामुळे नव्हे, तर सैलपणामुळे. महागडी तार टेपने जोडून सिलिंगवर टाकली, तर धोका जसाच्या तसा राहतो.

धूरमुक्त_घर :
जोडाचा मुद्दा मान्य आहे. परंतु आग लागलीच तर बाहेर पडायला मिळणारी मिनिटे तारेच्या आवरणावरही अवलंबून असतात, हे नाकारू नये.

कोथरूडचा_रहिवासी :
मी तारेचा प्रकार विचारलेला नाही. पाइप भिंतीच्या वरच्या टोकाशी संपतो, तेथून पुढे तारा मोकळ्या चॅनलवरून गेल्या आहेत. सहा जोड आहेत, सर्व काळ्या टेपचे. आरसीसीबी नाही, फक्त एमसीबी (जास्त प्रवाहाला आपोआप पडणारे स्विच) आहेत. अर्थिंगची तार वर दिसली नाही. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची ओल एका कोपऱ्यात येते, पण त्याचा वायरिंगशी संबंध नसावा असे वाटून लिहिले नव्हते.

निवृत्त_पर्यवेक्षक :
ओल हीच सर्वांत महत्त्वाची माहिती होती. काम थांबवावे.
कारण असे की एमसीबी अतिभार आणि शॉर्टसर्किट ओळखते. ओल्या टेपातून चॅनलकडे झिरपणारा थोडासा प्रवाह तिला कळतही नाही. सगळ्या सांगाड्यात वीज उतरू शकते आणि दिवा बदलणाऱ्या माणसाचा हात थेट त्यावर पडतो. म्हणून घरासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. तारा डीबीपासून दिव्यापर्यंत कॉन्ड्युटमधून (तारांच्या पाइपातून) न्याव्यात, तो कॉन्ड्युट स्लॅबला क्लॅम्पने स्वतंत्रपणे धरलेला असावा, आणि सिलिंग टांगणाऱ्या हँगरला काहीही बांधू नये. जोड फक्त झाकणाच्या जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टरने घट्ट केलेले असावेत आणि तो बॉक्स दिव्याच्या छिद्रातून किंवा स्वतंत्र झडपेतून हाताला लागला पाहिजे. सांगाड्यालाही अर्थिंग जोडावे. वायरिंगच्या कामाची भारतीय संहिता आयएस ७३२ आहे. कंत्राटदाराशी बोलताना तिचाच आधार घ्यावा.
बोर्ड लागण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासून घ्यावे. त्याआधी एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारे छोटे डबे) सोडवून ठेवावेत, अन्यथा वाचन फसवे येते आणि ड्रायव्हरही निकामी होऊ शकतात. वाचन किमान १ मेगाओहम हवे. नव्या, कोरड्या कामात ते त्याहून पुष्कळ जास्त येते.

सुतारकाम_आणि_सजावट :
ओल असलेल्या कोपऱ्यात साधा जिप्सम बोर्ड टिकणार नाही, ओलावारोधक बोर्ड घ्यावा. पांढऱ्याऐवजी पिवळसर प्रकाशाचे दिवेही विचारात घ्यावेत.

निवृत्त_पर्यवेक्षक :
बोर्ड कोणताही घेतला तरी आधी गळती बंद करावी लागेल. दिव्यांच्या रंगाचा प्रश्न येथे कोणी विचारलेला नाही.

कोथरूडचा_रहिवासी :
काल दुसऱ्या परवानाधारक वायरमनला बोलावून मेगर लावला. दोन सर्किटे उत्तम निघाली, तिसऱ्याचे वाचन जेमतेम ०.२ मेगाओहम आले. शोध घेतला तेव्हा चॅनलच्या स्क्रूने तारेचे आवरण फाडलेले आढळले. ओलीचा कोपरा तेथून बराच लांब होता. तेवढी तार बदलल्यावर वाचन १०० मेगाओहमच्या पुढे गेले. बोर्ड लावण्याचे काम आठवडाभर पुढे ढकलले आहे. आता मूळ कंत्राटदार कॉन्ड्युट आणि बॉक्स यांचे वेगळे पैसे मागत आहे. दरपत्रकात 'संपूर्ण वायरिंग' एवढेच लिहिलेले असताना ही मागणी योग्य आहे का?

निवृत्त_पर्यवेक्षक :
दरपत्रकात मोजमाप प्रति पॉइंट (म्हणजे दर दिव्यामागे किंवा प्लगमागे) आहे की तारेच्या प्रति मीटर, ते कृपया लिहावे.