बाबांच्या अवयवदानाला आईचा नकार, कसं समजावू? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा अर्जंट आहे. आम्ही भांडुपला राहतो, बाबा ७१ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याकडून आधार नंबर टाकून नोट्टोच्या (केंद्र सरकारची अवयवदानाची संस्था) साइटवर अवयवदानाची नोंदणी करून घेतली, कार्ड प्रिंट काढून लॅमिनेट केलं आणि सीनियर सिटिझन पासच्या मागे ठेवलं. आईने ते बघितलं आणि तेव्हापासून नीट बोलतच नाहीये. म्हणते, डोळे काढले तर पुढच्या जन्मी आंधळे जन्माला येतील, आणि मी सही करणार नाही म्हणजे नाही.

आता प्रॉब्लेम असा की कार्ड असलं तरी शेवटी घरच्यांची संमती लागतेच. किडनी, लिव्हर वगैरे ब्रेन डेड झाल्यावर हॉस्पिटलमध्येच घेतात, १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात, हे मी तिला सांगितलं, पण ते तिच्या डोक्यावरून जातं. डोळे मात्र घरी मृत्यू झाला तरी देता येतात, पण सहा तासांच्या आत, आणि त्या रडारडीत मी आईशी वाद घालत बसणार का?

मला तिला दुखवायचं नाहीये, काल रात्री देवासमोर बसून रडत होती. पण बाबांची इच्छासुद्धा मोडवत नाही. तुमच्या घरी असं झालं होतं का? कोणाचं ऐकलं शेवटी, डॉक्टरांचं, गुरुजींचं की ज्यांना डोळे मिळालेत अशा कोणाचं? मुलुंड-भांडुप साइडला घरी येऊन मोठ्या माणसांशी मराठीत शांतपणे बोलणारं कोणी असेल तर प्लीज सांगा.