शाळा ओस पडली म्हणून सुनांवर काहून घसरता?

वणीची माय: मोर्शीकर भाऊंची कालची पोस्ट वाचली, शिकलेल्या सुना एका लेकरावर थांबतात म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळा ओस पडल्या म्हणे. राज्यात बाईमागे सरासरी लेकरं १९९२-९३ च्या पाहणीत २.९ होती, २०१९-२१ मध्ये १.७. हे काय एकट्या सुनेनं केलं? माझ्या सासूला सात झाली, वाचली चार. आता लेकरं जगतात, म्हणून कमी होतात.

मोर्शीकर: ताई, हे अर्धंच झालं. आजोबाच्या टायमाला लेकरू म्हणजे कापूस वेचायला हात होता, आता वेचणीला मजूर सांगा लागते अन् लेकराच्या इंग्लिश मिडियमची फी भरा लागते, वरून व्हॅनचे पैसे. पाच एकर कोरडवाहूत दोन भावांची वाटणी झाली की उरते काय? पण एकावरच थांबायचं हे सुनाच ठरवतात, मी माझ्या घरात पाह्यलं.

मेहकरवाला: आधी हे सांगा पोरी गेल्या कुठं. सहा वर्षांखालच्या हजार पोरांमागं राज्यात २००१ ला ९१३ पोरी, २०११ ला ८९४. सोनोग्राफीत गर्भ पोरगा का पोरगी हे पाहणं १९९४ च्या कायद्यानं बंद, तरी हे हाल! दोनच लेकरं पाहिजेत पण त्यात पोरगा पाहिजेच, त्याचं हे फळ. माझ्या चुलतभावानं पस्तिशी ओलांडली, वावर आहे, ट्रॅक्टर आहे, पोरगी भेटत नाही.

मोर्शीकर: विषय भरकटवू नका. पोरीचा बाप सोता शेतकरी, पण जावई नोकरीवालाच पाहिजे त्याले.

वणीची माय: काहून देईल तो शेतकऱ्याले? माझी बहीण दिली न अशा घरी. पहाटे उठून सैपाक, दिवसभर वावर, अन् दोन लेकरं झाल्यावर ऑपरेशन तिचंच. टाके ओले असताना निंदाले गेली. नवरा म्हणे नसबंदीनं माणूस कमजोर होते. बिनटाक्याची आहे, त्याच दिवशी घरी येते माणूस!

मोर्शीकर: आणीबाणीत लोकांले धरून धरून नेलं, ते भेव अजून आहे. आमचा बुढा वावरात लपला होता.

वणीची माय: बुढा लपला होता, तुम्ही काहून लपता?

मेहकरवाला: अन् ग्रामपंचायतीचा नियम? १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं की सदस्यपद गेलं. आमच्याकडं त्यापायी पुढाऱ्यांच्या बायकांचे पोट पाडले, पोरगी आहे असं कळल्यावर.

मोर्शीकर: बरं, ऑपरेशनचं तुमचं खरं आहे ताई, तेवढंच. शाळेचं म्हणाल तर जवान पोरं पुण्या-नागपूरला कामाला गेली, त्यांची लेकरं तिकडच्याच शाळेत जातात.

वणीची माय: हे काल पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी एवढी बोललीच नसती.