घाणेरी-रानमोडी काढायला ट्रॅक्टरच्या लोडरला पंजा: कसा करून घ्यावा, कसा चालवावा?

डोंगरउतार_शाहूवाडी
नमस्कार मंडळी. शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पश्चिमेला साडेतीन एकर उताराचं रान आहे, बरीच वर्षं पडीक. निम्म्यात डोक्याच्या वर घाणेरी (टणटणी), ओघळीकडे रानमोडी, मधे करवंदाच्या जाळ्या आणि वीसेक ऑस्ट्रेलियन बाभळी. माती वीतभर, खाली जांभा दगड. ट्रॅक्टर ५० एचपी, फोर व्हील, पुढे लोडर आहे. लोडरच्या पाटीवर उचलायची क्षमता बकेटच्या पिनपाशी ८०० किलो लिहिलीय. बकेट काढून तिथं ग्रॅपल म्हणजे पंजा बसवायचा विचार आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात करून घेता येईल. की सरळ जेसीबी लावावा? ऊस भरायच्या लोडरचा जुना पंजा मिळतोय, तो चालेल का? आणि करून घ्यायचा तर मापं काय द्यावीत?

उद्यमनगर_वेल्डर
उसाचा पंजा घेऊ नका, हे आधी सांगतो. तो मोळी उचलायला केलेला असतो. बोटं बारीक आणि आत वळलेली, जमिनीत रेटायला नाहीत. जांभ्यात एक बोट अडकलं की ते उघडतं आणि वेल्ड मुळापासून सुटतो.

५० एचपीला रुंदी निदान ५ फूट ठेवा, नक्की माप चाकं मोजून ठरवा. पुढच्या चाकांची बाहेरची कड पंज्यानं झाकली गेली पाहिजे, नाहीतर बाजूनं राहिलेला खुंट थेट टायरच्या कुशीत घुसतो. ५ फुटाला खाली ८ बोटं, १६ मिमी प्लेटची, दोन बोटांत साधारण २० सेंमी. यापेक्षा जवळ घेतली तर माती गळत नाही, लांब घेतली तर रानमोडीच्या काड्या सुटतात. वरचे जबडे दोन आणि वेगवेगळे, १२ मिमीचे. एकच अखंड जबडा स्वस्त पडतो, पण एका बाजूला ओंडका आणि दुसऱ्या बाजूला फांद्या असल्या की फक्त ओंडका धरला जातो, बाकी सगळं ओघळतं. दोन जबड्यांना दोन जॅक, म्हणजे तेलाच्या दाबानं चालणारे सिलिंडर, तेलाच्या एकाच लाईनवर टी टाकून जोडले की ज्याला कमी अडथळा तो आधी मिटतो, मग दुसरा. म्हणून वाकडातिकडा भाराही घट्ट बसतो.

जॅक ५० मिमी बोअर (आतला व्यास), २०० मिमी स्ट्रोक (दांड्याची धाव) पुरे. १५० बार दाबाला एक जॅक सुमारे ३ टन रेटतो. जबड्याच्या बिजागरीपासून जॅकची पिन १५ सेंमीवर आणि टोक ७५ सेंमीवर धरलं तर टोकाला ६०० किलोची पकड येते. ६३ बोअरचा हट्ट धरू नका, पकड वाढते पण जबडा वाकतो आणि उघडझाप मंदावते. पिना ३० मिमी, ईएन ८ पोलादाच्या, बुश बदलता येतील अशा, प्रत्येक पिनेला ग्रीस निप्पल. निप्पल पुढच्या तोंडाला लावू नका, पहिल्याच दिवशी तुटतं, पिनेच्या डोक्यात खोलगट बसवा.

सगळं मिळून वजन २५० किलोच्या आत राहू दे. ८०० मधून २५० गेले, ५५० उरले. त्यातही भार पिनेच्या अर्धा मीटर पुढं असतो, म्हणून ४०० किलोच हिशोबात धरा. झुडपाला तेवढं भरपूर, कारण झुडूप आकारानं मोठं, वजनानं हलकं. ओंडक्याला मात्र जपून. फूटभर जाडीचा दहा फुटी ओला ओंडका २०० किलोच्या पुढं जातो, असे दोन घेतले की संपलं.

माळमुरूम
जेसीबी की पंजा, याचं उत्तर तुमच्या वीतभर मातीत आहे. बकेट झुडपाबरोबर माती खरवडून ढिगात नेते. काळ्या रानात ते खपून जातं. जांभ्यावर मात्र ती गेलेली माती परत मिळत नाही, खाली उघडा दगड राहतो. पंजा मुळासकट झुडूप धरतो आणि माती बोटांतून जागेवर पडते. बाभळीचे बुंधे तेवढे जेसीबीच्या मागच्या बकेटनं दिवसभरात उकरून घ्या. लोडरनं बुंधा उपटायला जाऊ नका, लोडरचे हात त्या कामाचे नाहीत.

चालवायची पद्धत लिहितो. घाणेरी आधी कोयत्यानं तोडू नका, पूर्ण झुडूप हीच तिची मूठ. जबडा उघडा, खालची बोटं १०-१५ अंश खाली झुकवा, झुडपाच्या बुडाच्या हातभर अलीकडे जमिनीत दोन-तीन इंच शिरवा. लो गिअर पहिला, इंजिन १२००-१५०० आरपीएम. हळू रेटा, बुड बोटांवर आलं की थांबा, पंजा मागे वळवा, मग जबडा मिटा आणि थोडं उचलत मागे या. मूळ सुटताना चर्र आवाज येतो आणि ट्रॅक्टर हलका होतो. 'कट्' असा आवाज आला तर बुड मोडलं, मूळ आत राहिलं. तिथं परत बोटं घाला, नाहीतर तेच बुड पावसात दहा कोंब काढतं. उपटलेलं झुडूप कमरेएवढं उचलून पंजा दोन-तीनदा हलवा, माती झडू द्या, मग मुळं वर करून ढिगावर टाका. मुळं जमिनीला टेकली तर ओल्या मातीत पुन्हा धरतात.

तीन गोष्टींनी नुकसान होतं. पंजा पूर्ण खाली झुकवून मागे ओढत येणं: तेव्हा झुकवायच्या जॅकचा रॉड पूर्ण बाहेर असतो आणि तो वाकतो. फक्त कडेच्या एका बोटानं खुंट रेटणं: लोडरचा सांगाडा पिळतो, मग बकेट कधीच सरळ बसत नाही. आणि वेगात धडकणं: झुडपाच्या आत दगड की खुंट, बाहेरून कळत नाही.

निघायच्या आधी रान चालून पाहा. घाणेरीच्या आत जुनी विहीर, जांभ्याची चिऱ्याची खाण, तारेचं कुंपण हमखास असतं. तार पुढच्या एक्सलच्या सीलमध्ये गुंडाळली की तेल बाहेर. ट्रॅक्टरच्या पोटाखाली ३ मिमी पत्रा मारा, कारण काडी आधी डिझेल फिल्टर आणि स्टिअरिंगचे पाईप शोधते. रेडिएटरला बारीक जाळी लावा आणि तासातासाला झाडा. वाळका पाला चिकटून इंजिन तापतं.

डोंगरउतार_शाहूवाडी
मनापासून आभार. बकेट-पंजा दोन्ही ठेवायचे ठरतंय. एक अडचण: लोडरच्या जॉयस्टिकवर दोनच काम, उचलणं आणि झुकवणं. जबड्याला तेल कुठून घ्यायचं? मागं डीसीव्हीचा, म्हणजे बाहेरच्या जॅकला तेल देणाऱ्या व्हॉल्व्हचा, एक जोड आहे. आणि उतारावर वजनाचं काय?

तेल_आणि_दाब
आधी तो डीसीव्ही सिंगल ॲक्टिंग की डबल ते बघा. जबडा उघडायला आणि मिटायला दोन्हीकडून तेल लागतं, सिंगलवर भागत नाही. डबल असेल तर मागून पुढं दोन होज आणणं सगळ्यात स्वस्त. फक्त लिव्हर मागं राहतो, हात सारखा वळवावा लागतो. लिव्हर दाबून अडकवून ठेवू नका. जबडा मिटल्यावरही पंप रिलीफवर, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर, फिरत राहतो आणि तेल उकळतं.

सोयीचा मार्ग म्हणजे १२ व्होल्टचा ६/२ डायव्हर्टर, म्हणजे तेल दुसरीकडं वळवणारा व्हॉल्व्ह. झुकवायच्या लाईनवर बसतो, जॉयस्टिकला बटण येतं. बटण दाबलं की तोच लिव्हर जबडा हलवतो. एकाच वेळी झुकवणं आणि मिटणं जमत नाही, पण झुडपाच्या कामात ते अडत नाही.

जबड्याच्या लाईनला १८० बारचा रिलीफ जरूर घाला. लिव्हर मधे असताना जॅकमधलं तेल कोंडलेलं असतं. मिटलेला जबडा दगडाला ठेचला की तो दाब पंपाच्या रिलीफपर्यंत पोचतच नाही, थेट होज फुटतो. होज दोन जाळीचा घ्या, लोडरच्या हाताच्या आतल्या बाजूनं न्या, वर नायलॉनचं कव्हर. कपलर जोडताना पुसून जोडा. बऱ्याच ट्रॅक्टरांत हे तेल आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं, कपलरवरची चिमूटभर माती गिअरात जाते.

आता वजन. मागच्या टायरात पाऊण भाग पाणी भरा, पण त्यानं पुढच्या एक्सलवरचा भार कमी होत नाही. त्यासाठी वजन मागच्या चाकांच्याही मागं हवं. ८० बाय ५० बाय ५० सेंमीचा काँक्रीट ठोकळा ४८० किलोच्या आसपास भरतो. त्यात पिना ओतून घ्या आणि खालच्या दोन लिंकना अडकवा.

उतारावर आडवं चालू नका. भरलेला पंजा नेहमी चढाकडं: वर जाताना सरळ, खाली येताना रिव्हर्स. पंजा गुडघ्याएवढाच वर. फोर व्हील सुरूच ठेवा. ब्रेक मागच्या चाकांना असतात. मागची चाकं हलकी झाली की ब्रेक नुसते घसरतात, फोर व्हील लावलेलं असलं तर पुढची चाकंही धरतात. ओंडका डोक्याच्या वर कधीच नेऊ नका, लोडरच्या हातांवरून घरंगळत तो ड्रायव्हरवरच येतो.

राधानगरी_रानवाट
वेळ आणि कायदा राहिलाय. काम दिवाळीनंतर सुरू करून डिसेंबरच्या मध्यापर्यंत उरका. जमिनीत ओल असते, मूळ अखंड येतं, आणि रानमोडी अजून बी उडवत नसते. एप्रिल-मे मध्ये तीच घाणेरी दुप्पट डिझेल खाते आणि बुडातच मोडते.

सातबारा आधी नीट वाचा, इतर हक्कात वनाचा शेरा असेल तर वनविभागाकडं विचारल्याशिवाय यंत्र आत घालू नका. झुडपात हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस यांची झाडं निघतील. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यात ही अनुसूचित आहेत, परवानगीशिवाय हात लावायचा नाही. पंजा चालण्याआधी त्यांना चुना मारा, म्हणजे ड्रायव्हरला लांबून दिसतील. बाभळींचंही तलाठ्याला विचारूनच करा. करवंदाच्या बांधावरच्या जाळ्या ठेवा असं कळकळीनं सांगतो. मूळ खोल, उपटायला कठीण, आणि त्याच जाळ्या बांध धरून ठेवतात.

ढीग ओघळीत ढकलू नका. उताराला आडवे, दर वीस-पंचवीस मीटरला लांबट बांधासारखे रचा. पहिल्या पावसाचं पाणी तिथं थबकतं, माती साचते. पेटवू नका, फेब्रुवारीपासून डोंगराला वणवे लागतात आणि तुमची कड जंगलाला लागून असणार.

पहिल्या पावसानंतर जमिनीतलं घाणेरीचं बी उगवणारच. रान उघडं ठेवू नका, जूनमध्येच ताग दाट पेरा किंवा नाचणी लावा. जुलैत एकदा आणि गणपतीच्या सुमारास एकदा रोपं हातानं उपटा, ओल्या मातीत बोटभर रोप सहज निघतं. दुसऱ्या वर्षीही हीच फेरी लागेल, तेवढी मजुरी आत्ताच बाजूला काढून ठेवा.

उद्यमनगर_वेल्डर
एक राहिलं. पंजा आणल्यावर पहिले दोन तास काम करून थांबा, सगळ्या पिनांचे लॉकबोल्ट आणि लोडर ट्रॅक्टरच्या चासीला धरणारे बोल्ट पुन्हा आवळा. नवीन रंग बोल्टखाली दबतो आणि बोल्ट सैल पडतात. वेल्डजवळ रंगाला केसासारखी चीर दिसली तर तिथं आतला पोलाद हललाय. रंग घासून बघा आणि लगेच घेऊन या.