माहितीपट, पुस्तक आणि प्राध्यापकी: खानदेशात राहून तिन्ही जमेल का?

तापीकाठ (अमळनेर)
मराठीत एम. ए. झाल्यापासून मी आमच्या भागातील वृद्ध स्त्रियांच्या अहिराणी ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करीत आहे. त्यांवर माहितीपट करावा, पुढे पुस्तक लिहावे आणि उपजीविकेसाठी प्राध्यापकी करावी, असा विचार आहे. घरच्यांच्या मते मात्र यांतले एकच काही धड होईल. आधी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील दिग्दर्शनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करावा, की प्राध्यापकीसाठीची नेट-सेट ही पात्रता परीक्षा द्यावी?

केळीबाग (जळगाव)
एम. ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांसाठी ५०) असतील तर आधी नेट किंवा सेट द्यावी. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी दीर्घकाळ माध्यमशिक्षण दिले, त्याच काळात कच्छमधील पशुपालक समाज, तेथील संगीत आणि काव्य यांवर माहितीपट केले आणि २०१६ मध्ये भारतातील स्वतंत्र माहितीपटांवर इंग्रजी पुस्तकही लिहिले. एकाच प्रदेशाकडे पुन:पुन्हा जाण्याची ही सवड बाजारावर विसंबणाऱ्या दिग्दर्शकाला क्वचितच मिळते. माझ्या मते प्राध्यापकीचा खरा लाभ पगाराहूनही हाच आहे.

सातपुडा (धुळे)
उदाहरण उत्तम असले तरी ती मुंबईतील, माध्यमशिक्षणाचा स्वतंत्र विभाग असलेली संस्था आहे. आपल्याकडे नेट झाल्यावरही अनेकांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवावे लागते, आणि तेथे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळत असल्याने चित्रणासाठी आठवडाभर बाहेर राहणे म्हणजे तेवढे मानधन सोडणे होय. परीक्षा अवश्य द्या, परंतु कायम नेमणुकीची वाट पाहत चित्रण थांबवू नका. ओव्या म्हणणाऱ्या स्त्रिया थांबणार नाहीत.

केळीबाग (जळगाव)
तासिका तत्त्वाबद्दलचे म्हणणे मान्य आहे. मग फिल्म इन्स्टिट्यूटचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम पाहावेत, आणि पहिला खर्च कॅमेऱ्यावर न करता चांगल्या माइकवर करावा, कारण ओवीचा माहितीपट आधी ऐकू आला पाहिजे. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत गाव, दिनांक, गाणारीचे नाव आणि तिची लेखी संमती (सही येत नसल्यास अंगठा) ठेवावी; पुस्तक लिहिताना याच नोंदींवर भिस्त राहील. मुंबईचा आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सव १९९० पासून साधारणतः दर दोन वर्षांनी भरतो. महोत्सवातील प्रदर्शनाला सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळू शकते, मात्र गावोगावी जाहीर खेळ करायचे झाल्यास ते माहितीपटालाही घ्यावे लागते.